कढीपत्त्याचे वाटेकरी

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतरणीला एक कौलारू घर आहे. घराच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं कढीपत्त्याचं झाड आहे आणि त्या झाडावर आजीचा फार जीव. पेठेत कुणाकडे पोह्यांना फोडणी पडायची झाली की एखादं पोर परसदाराशी येऊन उभं राहायचं. आजी हातातलं काम बाजूला ठेवून उठायची आणि दोन डहाळ्या मोडून द्यायची. "दारात आलेल्याला नाही म्हणू नये," एवढंच तिचं म्हणणं.

तिची नात जुई तिसरीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाईंनी वर्गाला एक काम सांगितलं. घरी फुलपाखरांसाठी छोटीशी बाग करायची आणि जे दिसेल ते वहीत उतरवायचं. जुई बाबांच्या मागे लागली. रोपवाटिकेतून झेंडू आला, सदाफुली आली, लाल पेटगुळीचं एक रोप आलं. कुंड्या ओळीने मांडून ती पायरीवर वही घेऊन बसली.

फुलपाखरं आली, नाही असं नाही. फुलावर टेकायची, गुंडाळलेली सोंड सोडून रस प्यायची आणि कुंपणावरून पलीकडे निघून जायची.

"आजी, ही थांबत का नाहीत गं?"

"खानावळीत जेवलेला माणूस तिथंच मुक्काम करतो का?" आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

जुईला ते पटलं नाही. पण उत्तरही सापडलं नाही.

जुलै निम्मा सरला आणि आजीची कुरकुर सुरू झाली. कढीपत्त्याची कोवळी पानं कडेने कुरतडलेली दिसत होती. काही देठांना तर पानच उरलं नव्हतं. जुईने वाकून पाहिलं, तर पानांवर पक्ष्यांची शीट पडलेली. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग. तिने काडीने ती खरवडायला घेतली आणि शीट हलली. नुसती हलली नाही, डोकं वर उचललं. डोक्याच्या मागून नारिंगी रंगाची दोन टोकांची शिंगं बाहेर आली आणि कसला तरी आंबूस उग्र वास सुटला.

जुई किंचाळून घरात पळाली. "आजी, घाणेरड्या अळ्या आहेत! मारून टाक!"

आजीला सांगायची गरजच नव्हती. तिने चिमूटभर नाही, चांगली मूठभर तंबाखू पातेल्यात भिजत घातली. रात्रभर मुरलेलं ते पाणी गाळून झाडावर मारलं की कीड मरते, हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. "उद्या रविवार. दुपारी ऊन पडलं की मारू," ती म्हणाली, आणि जुईने समाधानाने मान हलवली.

रविवारी सकाळी पावसाने उघडीप दिली. जुई वही घेऊन पायरीवर बसली होती. एक मोठं फुलपाखरू कुंपणावरून आत आलं. काळे पंख, त्यावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची नक्षी आणि मागच्या पंखांच्या टोकाशी एकेक लाल ठिपका. जुईने श्वास रोखला. पण ते झेंडूकडे वळलं नाही, पेटगुळीकडे तर त्याने पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ कढीपत्त्याकडे गेलं.

एका जून पानावर ते टेकलं. पुढचे पाय पानावर भराभर आपटले आणि ते उडालं. दुसऱ्या पानावर तेच. मग शेंड्याकडच्या एका कोवळ्या पानाशी ते थांबलं, पंख फडफडतच राहिले, पोटाचं टोक वाकवून पानाला लावलं आणि क्षणात पुढच्या फांदीवर. फुलपाखराला चव पायांनी कळते. पाय आपटून ते पान चाखत होतं. हेच झाड आहे ना, पान कोवळं आहे ना, याची खातरजमा करत होतं. जुईला तेव्हा हे माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की फुलपाखरू गेलं आणि पानावर एक गोल, फिकट पिवळा मणी राहिला. जेमतेम एका मिलिमीटरचा.

ती बराच वेळ त्या मण्याकडे बघत राहिली. मग तिची नजर शेजारच्या पानावर गेली. तिथं कालची ती शीट बसली होती. त्याच झाडावर, तसल्याच कोवळ्या पानावर.

जुई उठली ती स्वयंपाकघरातच गेली. ओट्याखाली पातेलं झाकून ठेवलेलं होतं.

"आजी, ते पाणी मारू नकोस."

"का गं? काल तर तूच ओरडत होतीस."

"त्या अळ्या नाहीत. म्हणजे अळ्याच आहेत, पण फुलपाखराच्या आहेत. मी आत्ता बघितलं. त्यांची आई आली होती."

"असेल," आजी म्हणाली. "पण माझ्या झाडाचा खराटा झालाय त्याचं काय?"

जुई गप्प उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तूच म्हणतेस ना, दारात आलेल्याला नाही म्हणू नये."

"अगं, ती माणसं. विचारून नेतात. ही न विचारता खातात."

"त्यांना विचारता येत नाही आजी."

आजीने पोळपाटावरची पोळी उचलून तव्यावर टाकली, ती भाजली, उलटली, काढली. तोवर काही बोलली नाही. नातीने तिचंच वाक्य तिच्यापुढे ठेवलं होतं आणि ते खोटं ठरवायला तिचं मन तयार नव्हतं. जन्मभर पाळलेल्या शब्दाची हद्द नेमकी कुठे संपते, हे कुणी असं विचारल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "भिंतीकडची खालची फांदी त्यांची. वरच्या फांद्या घराच्या आणि पेठेच्या. वर चढल्या तर तू उतरवायच्या. आणि मिरच्यांच्या रोपांकडे वळल्या तर मला सांगायला येऊ नकोस."

त्या मिरचीकडे वळणार नव्हत्याच. ही अळी लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता अशा एकाच कुळातल्या झाडांवर वाढते. लिंबावर सर्रास सापडते म्हणून पुस्तकांत या फुलपाखराला लिंबू फुलपाखरू म्हणतात. मिरचीच्या पानावर ठेवली तर उपाशी मरेल, पण ते पान खाणार नाही. आजीने पातेलं मोरीत रिकामं केलं. जुईने अळी बसलेली पानं एकेक करून देठासकट खुडली आणि खालच्या फांदीवर नेऊन अडकवली. पहिल्या दोन-तीन वेळा नारिंगी शिंगं बाहेर आलीच. पण आता तिला कळलं होतं की तिला भेवडावणारा तो जीव स्वतःच घाबरलेला आहे. शीट समजून पक्षी खात नाहीत, आणि तरीही कुणी हात लावलाच तर हा वास. एवढ्याशा अंगाला याहून दुसरं कसलं शस्त्र मिळणार?

त्यानंतरचे दिवस जुईच्या वहीत दाटीवाटीने लिहिलेले आहेत. पिवळा मणी हळूहळू गडद झाला आणि चौथ्या दिवशी फुटला. आतून केसाळ, काळपट, दोऱ्याच्या तुकड्याएवढी अळी निघाली आणि तिने सगळ्यात आधी आपल्याच अंड्याचं कवच खाल्लं. मग पानाची कड. अळीला दुसरं कामच नसतं. ती खाते, खाते आणि अंगाची कातडी ताणून ताणून पुरेनाशी झाली की खाणं सोडून एका जागी निपचित बसते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा जुईला वाटलं, मेली. पण संध्याकाळी डोक्यामागे कातडी उकलली आणि आतून तीच अळी ताज्या अंगाने बाहेर सरकली. टाकलेली कातडीही तिने खाल्ली. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा कात टाकल्यावर मात्र शिटेचा वेश संपला. आता ती हिरवीगार, बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर तपकिरी तिरके पट्टे, आणि पानात बसली की नजरेला सापडायची नाही.

हिरवी झाल्यावर भूकही वाढली. पानाच्या कडेवर बसून ती डोकं वरून खाली नेत नेत एक पट्टी कातरायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. मधली शीर तेवढी उरायची. फांदीखालच्या फरशीवर लेंड्यांचा सडा पडायचा. आजी तो झाडून झाडाच्याच बुंध्याशी लोटायची. एके सकाळी शेजारच्या सुमनकाकू डहाळी न्यायला आल्या आणि सवयीने खालच्या फांदीला हात घातला.

"अगं सुमन, तिथली नको," आजी घाईने उठली. "ती वाटून दिली आहे. वरची घे, मी वाकवून देते."

"कुणाला वाटून दिली, मावशी?"

आजीने बोट दाखवलं. सुमनकाकूंनी पदर नाकाला लावला, पण वाकून पाहिलं खरं.

सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र नाही. दोन अंडी मुंग्यांनी नेली. एक लहान अळी कोळ्याने धरली. एक चांगली वाढलेली हिरवी अळी दयाळ पक्ष्याने जुईच्या डोळ्यांदेखत उचलली आणि कौलावर बसून खाल्ली. जुई त्याच्यावर खडा मारायला धावली, तेव्हा आजीने तिचा हात धरला. "त्याच्याही घरट्यात पिल्लं असतील." जुईने हात झटकून सोडवून घेतला. त्या दिवशी ती आजीशी बोलली नाही.

ऑगस्ट लागला आणि उरलेल्या अळ्यांनी खाणं सोडलं. त्या फांद्यांवरून अस्वस्थ फिरू लागल्या. एक हिरव्या डहाळीवर थांबली, एक फांदी सोडून भिंतीवर चढली, एक वाळक्या काटकीवर. प्रत्येकीने तोंडातून रेशमाचा धागा काढून आधी एक गादी विणली, शेपटाचं टोक तिच्यात रोवलं, मग अंगाभोवती धाग्याचा एक फास घातला आणि त्याला रेलून बसली. दुसऱ्या दिवशी शेवटची कात पडली आणि आत कोष होता. हिरव्या डहाळीवरचा हिरवा, भिंतीवरचा आणि काटकीवरचा मातकट.

जुईने वर्गात विचारलं, "बाई, आत ती झोपते का?"

"झोपत नाही," बाई म्हणाल्या. "आत खूप काम चाललेलं असतं. अळीचं बरंचसं अंग आत विरघळतं. आणि पंखांची, लांब पायांची बीजं अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, अगदी बारीक पेशींच्या रूपात. इतके दिवस ती नुसती थांबलेली असतात. अळीने जे पान खाल्लं, त्याच्या जोरावर आता ती वाढतात."

मग त्यांनी मारिया सिबिला मेरियनची गोष्ट सांगितली. १६४७ साली जर्मनीत जन्मलेली ही मुलगी तेरा वर्षांची असताना रेशमाच्या अळ्या पाळून त्यांची चित्रं काढायची. किडे चिखलातून आपोआप निपजतात, असं त्या काळी कितीतरी लोक मानायचे. मारिया मात्र बघत राहिली, काढत राहिली. बावन्नाव्या वर्षी ती आपल्या धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि १७०५ साली तिने तिथल्या कीटकांचं मोठं पुस्तक काढलं. त्यातल्या चित्रांत अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे सगळं आहेच, पण ते ज्या झाडावर वाढतं ते झाडही आहे.

हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे मुलांना शिकवताना आपण चार चित्रं काढतो आणि त्यांना जोडणारे चार बाण. वर्तुळ पूर्ण होतं, मूल ते पाठ करतं, गुणही मिळतात. त्या वर्तुळात पान कुठेच नसतं. म्हणून मग शिकलेली माणसंसुद्धा फुलपाखरांसाठी फुलझाडं लावतात आणि पानावर अळी दिसली की फवारणीचा पंप शोधतात. बाईंनी गोष्ट संपवली तेव्हा जुईने वहीतलं आपलं वर्तुळ खोडलं आणि मोठी, कडेने कुरतडलेली कढीपत्त्याची डहाळी काढली. बाकीचं सगळं तिने त्या डहाळीवर बसवलं.

काटकीवरचा कोष आधी काळवंडला. जुईला वाटलं, आता फुलपाखरू येणार. ती सकाळी उठून पळत गेली, तर कोषाला टाचणीएवढं भोक होतं आणि त्यातून मुंगीपेक्षा लहान, चमकत्या अंगाच्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. त्या गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या. त्यांच्या आईने कोष कोवळा असतानाच त्यात अंडी घातली होती आणि पिल्लांनी आतून कोष खाल्ला होता. जुई हमसून हमसून रडली.

आजीने तिला जवळ घेतलं. "आमच्या माहेरी ज्वारी पेरायची तेव्हा माझे वडील चार दाणे जास्तच टाकायचे," ती म्हणाली. "पाखरांचे म्हणून. किड्यामुंगीचे म्हणून. मी विचारायची, एवढं कशाला? तर म्हणायचे, रान काय आपल्या एकट्याचं आहे?"

"पण ते माझं फुलपाखरू होतं."

"हो गं," आजी म्हणाली. तिने जास्त समजावलं नाही, आणि ते बरं केलं. रडणाऱ्या मुलाला निसर्गाचा न्याय समजावून सांगण्याची घाई करू नये. जुईने डोळे पुसले आणि दुपारी वहीत त्या माश्याही काढल्या, रागारागाने का होईना, पण नीट मोजून, पंखांसकट.

हिरव्या कोषाला बारा दिवस झाले. बाराव्या दिवशी संध्याकाळी त्याच्या पातळ झालेल्या सालीतून काळा रंग आणि पिवळे ठिपके दिसू लागले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साल उकलली. आधी डोकं आलं, मग पाय, मग ओलं, चुरगळलेलं अंग. पंख बोटाच्या नखाएवढे, लोंबते, कसल्याच कामाचे नाहीत असे. जुईचा हात पुढे गेला.

"हात लावू नको," आजी म्हणाली. "त्याचं त्याला करू दे."

फुलपाखरू रिकाम्या सालीला धरून उलटं लटकलं. पोट आत-बाहेर होऊ लागलं. अंगातलं द्रव पंखांच्या शिरांत ढकललं जात होतं आणि पंख वरून खाली उलगडत होते, इस्त्री केल्यासारखे नाही, थांबत थांबत, एकेक घडी सुटत. सोंड अजून दोन वेगळ्या पात्यांची होती. ते ती गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, आणि असं करता करता दोन पाती जुळून एक नळी झाली. पोटातलं साठलेलं टाकाऊ पाणी थेंबाथेंबाने खाली पडलं. पंख वाळायला तास-दीड तास लागला असेल. तेवढ्या वेळात आजीचा चहा गार झाला आणि जुईची शाळेची रिक्षा हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली.

ऊन कौलावरून परसात उतरलं तसे पंख दोनदा उघडले, मिटले, आणि फुलपाखरू उडालं. पेटगुळीवर थबकलं, पंख थरथरत ठेवून रस प्यालं आणि कुंपणापलीकडे गेलं.

"माझा एवढा कढीपत्ता असा उडाला होय!" आजी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

खालची फांदी तोवर पार उघडी पडली होती. श्रावणाच्या सरींनी आठ-दहा दिवसांत तिला नवे कोंब आले, आणि गणपतीच्या आधी ती वरच्या फांद्यांहून जास्त भरलेली दिसू लागली.

शाळेतही बाग करायचं ठरलं. वर्गणी जमली होती आणि मुलं रंगीत फुलांची नावं सांगत होती. जुईचा हात वर गेला. "बाई, फुलं असू देत. पण कढीपत्ता लावू या. आणि लिंबू."

"लिंबू कशाला?" मागून कुणीतरी हसलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला फुलांची नावं लिहिली, आणि दुसऱ्या बाजूला जुईचा कढीपत्ता आणि लिंबू. मग स्वतःच भर घातली. कुंपणाशी रुई, कारण तिच्या कडवट चिकाच्या पानांवर केशरी रुईकर फुलपाखराची अळी वाढते आणि तो कडवटपणा अंगात मुरवून पक्ष्यांपासून वाचते. खिडकीखाली पानफुटी, कारण लाल-काळ्या-पांढऱ्या रंगाच्या एका चिमुकल्या फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून पान पोखरत राहते. मैदानाच्या कडेला बहावा, पिवळसर स्थलांतरी फुलपाखरांसाठी. "आणि लिंबावर आपलं राज्य फुलपाखरूही येईल कदाचित," त्या म्हणाल्या. "ब्लू मॉर्मन. काळ्या पंखांवर निळा रंग, तळहाताहून मोठं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला हा मान दिला, असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. त्याची अळीही लिंबाच्या कुळातलीच पानं खाते. मान दिला, तर जेवायलाही घालायला हवं."

रोप विकत आणावं लागलं नाही. कढीपत्त्याच्या मुळांना बाजूने फुटवे येतात. आजीने खुरपं घेऊन त्यातला एक मुळासकट काढला, तेलाच्या रिकाम्या डब्यात माती घालून लावला आणि पदराखाली धरून स्वतः शाळेत आणून दिला. शिपाईमामांनी भिंतीजवळ खड्डा खणून ठेवला होता. ते हौशी गृहस्थ. रंगाचा डबा, ब्रश आणि फळीचा तुकडाही घेऊन आले होते.

"काय लिहू? 'पाने तोडू नयेत'?"

जुई रोपाभोवतीची माती दाबत होती. तिने वर पाहिलं.

"नको मामा. 'वरची पाने घ्यावीत' असं लिहा."

"अगं, एवढंसं रोप. त्याला कसलं आलंय वर आणि खाली?"

"वाढेल ना," जुई म्हणाली. मामांनी ब्रश रंगात बुडवला.